शब्दाबरोबर त्याचा मुलूखही सांगणारा कोश

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतील ग्रामीण संवाद वाचताना अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे वाटणारे शब्दच अधिक फसवतात. उत्तर इंग्लंडमधील एखादी म्हातारी आपण ‘स्टार्व्ह्ड’ झाल्याचे सांगते, तेव्हा ती भुकेलेली नसून बहुधा थंडीने गारठलेली असते. आणि यॉर्कशरचा गिरणीकामगार ‘वाइल फाइव्ह’ म्हणतो, तेव्हा त्याला ‘पाच वाजेपर्यंत’ असे म्हणायचे असते. असा शब्द आपल्याला येतो असे वाटत असल्यामुळे वाचक कोश उघडतच नाही. ही सवय मोडायला मला जोसेफ राइट यांनी संपादित केलेल्या ‘द इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’ने लावली.

सहा खंडांचा हा कोश १८९८ ते १९०५ या काळात प्रसिद्ध झाला. लहानपणी कापडगिरणीत राबलेले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास वाचायला शिकलेले राइट पुढे ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची मातृबोली यॉर्कशरची होती, आणि बोलीला अशुद्ध भाषा न मानण्याची त्यांची वृत्ती मला पानोपानी जाणवते.

कोशाचे खरे मोल प्रत्येक अर्थापुढे दिलेल्या काउंटींच्या, म्हणजे इंग्लंडमधील जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, नावांत आहे. ‘लेक’ म्हणजे खेळणे. हा शब्द उत्तरेकडील बोलींत प्राचीन नॉर्स या स्कॅन्डिनेव्हियातील जुन्या भाषेतून आला, आणि गिरण्या व खाणींच्या भागात त्याला ‘काम बंद असल्याने घरी बसणे’ असाही अर्थ मिळाला. ‘नेश’ म्हणजे थंडी सहन न होणारा, नाजूक. त्याच्या मुळाशी ‘मऊ’ या अर्थाचा प्राचीन इंग्रजी शब्द आहे. ‘स्टार्व्ह’चा मूळ अर्थ तर नुसता ‘मरणे’ असा होता. प्रमाण भाषेत तो भुकेशी जोडला गेला, उत्तरेत थंडीशी. अशा शब्दांसाठी मी हा कोश तासन्‌तास चाळला आहे, आणि एका अर्थासाठी उघडलेले पान सहसा एका अर्थावर मिटत नाही.

उणिवाही आहेत. संक्षेपांची यादी शेजारी ठेवल्याशिवाय नोंद वाचता येत नाही, उच्चाराची चिन्हे आजच्या परिचित चिन्हांहून वेगळी आहेत, आणि बोलीतील शब्दांचे स्पेलिंग स्थिर नसल्यामुळे मुख्य नोंद सापडेपर्यंत दोन-तीन ठिकाणी शोधावे लागते. शिवाय कोश निघण्याआधीच्या दोनशे वर्षांत, म्हणजे साधारण १७०० नंतर, बोलीत वापरात असलेले शब्दच येथे घेतले आहेत; त्याआधीच लोपलेल्या शब्दांसाठी मध्ययुगीन इंग्रजीचा कोश पाहावा लागतो.

इन्सब्रुक विद्यापीठाने तयार केलेली या कोशाची डिजिटल आवृत्ती विनामूल्य उपलब्ध असून तिच्यात काउंटीनुसारही शोध घेता येतो. कादंबरी कोणत्या भागात घडते हे आधी ठाऊक असेल, तर शोध तेथूनच सुरू करावा.