मांजराचा पार्व्हो: रोजचं सीबीसी की थर्मामीटर आणि काटा?

पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजराचा पार्व्हो हा विषाणूचा आजार, झालेलं पिल्लू वाचेल का, हे रोज रक्त काढून बघायचं की घरी ताप-वजनावरून?

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १,००० च्या खाली असल्या तर धोका मोठा. बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे रक्तातल्या रसायनांच्या तपासणीत, अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या किंवा पोटॅशियम लिटरला ४ मिलिमोलच्या खाली, तरी तसंच. मात्र एका रिपोर्टवर विसंबू नका. पहिल्या दिवशी पेशी अजून उतरायच्याच असू शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही घसरण थांबली नसेल तर काळजी खरी. खर्च दर वेळी नव्याने, आणि अर्ध्या किलोच्या अशक्त पिल्लाची शीर सापडणं कठीण. मुंबईच्या पावसात रिक्षातून ने-आण करताना ते गारठतं, हे वेगळंच.

थर्मामीटर एकदाच विकत घ्यायचा. टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात, सकाळ-संध्याकाळ. १०४ पेक्षा ९९ फॅरनहाइटला जास्त घाबरा: शरीर थंड पडणं हे वाईट लक्षण. वजन ग्रॅमच्या काट्यावर, सलाइनच्या आधी. नंतर वाढलेलं वजन पाण्याचं असतं.

पिल्लू दवाखान्यात दाखल असेल तर एक-दोन दिवसांआड सीबीसी घ्या. घरून ने-आण असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त, मधे थर्मामीटर-काटा. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते सलाइन आणि अँटिबायोटिकला द्या.