शाळेच्या आवारातील डिस्क गोल्फ : नऊ टोपल्या, दोन कडुनिंब आणि एक हातपंप

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावापासून बारा किलोमीटरवर असलेल्या एका शाळेच्या आवारात डिस्क गोल्फचे नऊ टोपल्यांचे मैदान यंदा हिवाळ्यात तयार झाले. गेल्या महिन्यात मी तेथे दोन रविवारी खेळून आलो. पहिल्यांदा एकटा आणि दुसऱ्यांदा मेहुण्यांना सोबत घेऊन. रविवारी बाहेरच्यांना वीस रुपयांत खेळता येते, आणि अनामत ठेवल्यास शाळेकडून तीन चकत्या वापरायला मिळतात.

खेळ गोल्फच्याच हिशेबाने चालतो. फरक एवढाच की काठी आणि चेंडू यांच्या जागी हाताने फेकायची चकती असते व जमिनीतील खड्ड्याच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली असते. कमीत कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकतो. पूर्वी अमेरिकेत लोक झाडे आणि खांब यांनाच लक्ष्य मानून खेळत. पुढे एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान उभे केले आणि साखळ्यांची टोपलीही त्यांनीच रूढ केली.

साखळ्यांचे काम चकती अडवणे एवढेच नसते. तिचा वेग आणि फिरकी मारून तिला खालच्या टोपलीत पाडणे हे त्यांचे खरे काम होय, आणि त्यासाठी चांगल्या टोपलीत साखळ्यांच्या बाहेरची आणि आतली अशा दोन फेऱ्या असतात. या शाळेतील टोपल्या तालुक्याच्याच वेल्डिंगच्या दुकानात तयार झाल्या आहेत. जोडकाम नीटनेटके आहे, लाल ऑइलपेंट दोनदा दिलेला आहे, खांब सिमेंटमध्ये पक्के बसवलेले आहेत. मात्र साखळ्यांची फेरी एकच आहे. परिणामी हलक्या हाताने टाकलेली चकती बैलाने साखळीला हिसका द्यावा तसा आवाज करून आत पडते, तर जोरात मारलेली चकती दोन साखळ्यांमधून आरपार निघून जाते. दुसऱ्या टोपलीवर मेहुण्यांची उत्तम फेक अशीच वाया गेली आणि पुढील अर्धा तास त्यांनी त्या वेल्डिंगवाल्याचा उद्धार केला.

मैदानाच्या आखणीत मात्र डोके लावलेले दिसते. शाळेची जागा सपाट आहे, चढउतार नावालाही नाही, त्यामुळे अवघड करण्यासारखे जे होते ते झाडे आणि वारा एवढेच होते, आणि आखणाऱ्याने दोन्हींचा पुरेपूर उपयोग केला आहे. तिसरी टोपली दोन जुन्या कडुनिंबांच्या पलीकडे आहे. त्यांच्यामधून सरळ फेक काढावी तर फांद्या खाली आलेल्या आहेत, आणि बाहेरून वळवावी तर चकतीचा स्वभाव माहीत असावा लागतो. उजव्या हाताच्या माणसाने नेहमीच्या पद्धतीने, छातीसमोरून हात झटकून फेकलेली चकती वेग ओसरताना डावीकडे झुकते. म्हणून डाव्या कडुनिंबाला लक्ष्य न करता उजव्या झाडाच्या बाहेरून तिला सोडावे आणि शेवटी आपोआप आत वळू द्यावे. हे मला सातव्या प्रयत्नात जमले. त्यातही समोरून वारा असेल तर तीच चकती उलटी, म्हणजे उजवीकडे कलते, आणि पाठीमागून वारा असेल तर लवकर खाली बसते.

पाचव्या टोपलीजवळ कुंपणापलीकडे वावर आहे. वेचणी संपलेली पण अजून न उपटलेली पऱ्हाटी तेथे उभी होती. गुण लिहायला आलेल्या नववीतल्या मुलीने मला आधीच बजावले होते, “सर, हवा पाहून फेका जी, नाई तं पऱ्हाटीत जाईन.” गेलीच. माझी चकती पांढरी होती, आणि झाडांवर उरलेल्या कवडीत पांढरी चकती शोधणे म्हणजे काय, हे कापूस वेचलेल्यांनाच कळेल. सीमेबाहेर गेल्याचा एका फेकीचा दंड धरून, चकतीने कुंपण ओलांडले त्या जागेच्या एक मीटर आत पुढची फेक घ्यावी लागली. शाळेने पांढऱ्या आणि मातकट चकत्या काढून गडद गुलाबी किंवा निळ्या घ्याव्यात.

माझी खरी तक्रार सहाव्या टोपलीविषयी आहे. तिची रेषा हातपंपापासून जेमतेम पंधरा पावलांवरून जाते आणि रविवारीही तेथे पाण्यासाठी माणसे येतात. ही चकती समुद्रकिनाऱ्यावर खेळायच्या मऊ फ्रिसबीसारखी नसते. ती लहान, जड आणि पातळ कडेची असते, आणि दूरच्या फेकीसाठीची तर कपाळ फोडू शकते. आम्ही दोन्ही वेळा घागर भरून होईपर्यंत थांबलो, पण शाळा भरलेली असताना मुले एवढा धीर धरतील असे मला वाटत नाही. फेकण्याचा चौथरा पश्चिमेकडे, प्रयोगशाळेच्या भिंतीलगत हलवला तर रेषा हातपंपापासून दूर जाईल; टोपलीपर्यंतचे अंतर मात्र दहाएक मीटरने कमी होईल. तसे झाले तरी खेळाचे काही बिघडत नाही.

शेवटच्या तीन टोपल्या साध्या आहेत. आठव्या टोपलीच्या चौथऱ्यावर मुरूम सैल असल्याने पाय घसरतो, तेवढे सांभाळावे.

जाणाऱ्यांनी सकाळी सातच्या आत पोहोचावे. नऊनंतर साखळ्यांना हात लावणे कठीण होते, आणि उन्हात ठेवलेली चकती मऊ पडून वाकते. मी एक मोटारसायकलच्या सीटवर विसरलो होतो, ती आता ताटलीसारखी खोलगट झाली आहे. नवतपात तर तेथे जाऊच नये. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो किलोने चिकटेल, तेव्हा दिवाळीनंतरचा काळ सर्वांत बरा. मेहुण्यांनी तोवर स्वतःची निळी चकती मागवायचे ठरवले आहे, आणि साखळ्यांची आतली फेरी बसवून द्यायला किती खर्च येईल हे विचारायला ते त्या वेल्डिंगच्या दुकानातही जाऊन आले आहेत.