‘श्यामची आई’ : पश्चात्तापाचे पुस्तक

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आपल्याकडे मौंजीत, वाढदिवसाला किंवा शाळेच्या बक्षीससमारंभात मुलांच्या हाती दिले जाते आणि मग बहुतेकांच्या बाबतीत ते बालपणातच मागे राहते. मीही ते दहाव्या वर्षी वाचले होते. आई गेल्यानंतर, चाळिशी उलटल्यावर, पुन्हा हाती घेतले, तेव्हा संस्कारांचे पुस्तक म्हणून आपण ज्याची ओळख करून देतो ते मुळात पश्चात्तापाचे पुस्तक आहे, असे मला तीव्रतेने जाणवले.

1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते लिहिले, तेव्हा त्यांचे वय 33 होते आणि आईला जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशी 42 रात्रींची ही रचना आहे. सांगणाऱ्याला शेवट पहिल्या रात्रीपासूनच ठाऊक असल्यामुळे कोकणातल्या त्या घरातला प्रत्येक साधा प्रसंग, मग तो पत्रावळ लावण्याचा असो की मोरी गाईचा, परत न मिळणाऱ्या वस्तूसारखा जपून समोर ठेवला जातो.

पोहायला जायचे टाळून लपून बसलेल्या श्यामला आई मारते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात भाजीत मीठ घालायचे राहून गेलेले असते; वडील एक शब्दही न बोलता ती आवडीने खातात, आणि आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला ते कळते. कुणीही तिला दोष दिलेला नसताना तिला लागलेली ती चुटपुट मला आज सर्वांत खोल वाटते, कारण घरातले बरेचसे दुःख असेच, न बोललेल्या गोष्टींचे असते. (माझ्या आईच्या हातची भाजी मी कितीदा काही न बोलता, पण नाराजीने खाल्ली, ते मला या पानांवर आठवले.) पुढे कर्ज घराला पोखरत जाते, वसुलीसाठी आलेला माणूस दारात अब्रू काढतो, आणि शिकायला दूर गेलेला श्याम परततो तेव्हा आई राहिलेली नसते. त्या प्रकरणाचे ‘भस्ममय मूर्ती’ हे नावच पुरेसे आहे.

दोषही सांगायला हवेत. बऱ्याच रात्रींच्या आरंभी आणि शेवटी प्रवचनाचा सूर लागतो, अश्रूंचा वापर अनेकदा गरजेपेक्षा जास्त होतो, आणि स्त्रीच्या सोशिकतेचा गौरव आजच्या वाचकाला निमूटपणे मान्य करता येणार नाही. तरीही प्रसंग सुरू झाला की भाषा घरगुती होते आणि उपदेश आपोआप मागे पडतो.

स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे आता अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या स्वस्तात मिळतात. त्यांत संक्षिप्तही असतात, म्हणून घेताना 42 रात्री पूर्ण आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे. मुलांसाठी घ्यावेच, पण ज्यांची आई अजून आहे अशा मोठ्या माणसांनी ते आधी स्वतः वाचावे, आणि शेवटची प्रकरणे एकाच बैठकीत संपवण्याची घाई करू नये.