एसटीने वासोटा की ठोसेघर?

साताऱ्याहून ठोसेघरचा धबधबा आणि वासोटा किल्ला, दोन्हीकडे एसटीने जाता येतं, पण दिवसाचा हिशेब अगदी वेगळा.

ठोसेघर सोपं. बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याने गाडी तासाभरात पोचवते. तिकीट काढून झाडीतली पायवाट उतरली की समोर तारळी नदीची घळ आणि कड्यावरून पडणारं पाणी. ऐन पावसात धुकं दरी झाकतं. अशा वेळी लगेच परत फिरू नका. वारा आला की पडदा सरतो. सप्टेंबरात पाणी भरपूर आणि आभाळही मोकळं. कठडा ओलांडून मात्र मुळीच जाऊ नये, शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही.

वासोट्याला पूर्ण दिवस हवा. कास पठारावरून एसटी बामणोलीला सोडते, तिथून शिवसागर जलाशयातून साधारण दीड तास बोट. बोट अख्खी ठरवावी लागते, म्हणून एकट्याला खर्च जड जातो. आठ-दहा जण असाल तर परवडतं. वनखात्याच्या नाक्यावर पिशव्यांतलं प्लास्टिक मोजून घेतात, परतताना तेवढंच दाखवायचं. पुढे ओढा, मारुती आणि दाट रान. ओढ्यावर बाटल्या भरून घ्या, चढणीवर पाणी मिळत नाही. पावसाळ्यात वाट बंद असते. उघडल्यावर सुरुवातीला जळवा असतात, मोजे पँटवर ओढून घ्या.

घोळ होतो तो परतीच्या गाडीचा. पहिल्या एसटीने गेलात तरी बोट ठरवण्यात वेळ गेला, तर शेवटची गाडी चुकते. मुक्कामाला गडावर परवानगी नाही, त्यामुळे बामणोलीतली सोय आधीच बोलून ठेवा. अर्धाच दिवस हाताशी असेल तर ठोसेघरच.