लिचेसची कोडी: डावपेच पक्के, पोझिशनचं काय?

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरची कोडी फुकट, जाहिरातींशिवाय, आणि खऱ्या डावांतून उचललेली. फोर्क (एकाच सोंगटीने दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोठ्या सोंगटीमुळे पुढची जखडणं) असे विषय निवडता येतात, अवघडपणा तुमच्या रेटिंगच्या (खेळाच्या पातळीच्या गुणांकाच्या) ३०० किंवा ६०० गुणांनी खाली-वर सरकवता येतो. निव्वळ डावपेचांच्या सरावासाठी दुसरं काही विकत घ्यायची गरज बहुतेकांना पडू नये.

अडचण कोडं निवडण्याच्या नियमातच आहे. शेवटची मात सोडली तर दर चालीला एकच बरोबर उत्तर लागतं. मोकळ्या फाइलवर (घरांच्या उभ्या रांगेवर) हत्ती आणणं, अडकलेला उंट बदलून टाकणं अशा जागी दोन-तीन चाली सारख्याच चांगल्या असतात. त्यामुळे अशा पोझिशनची, म्हणजे सोंगट्यांची मांडणी सुधारण्याची, कोडी जवळपास होतच नाहीत.

एच७ वरचं (एच या उभ्या रांगेतल्या सातव्या घरावरचं) उंटाचं बलिदान बघा. उंट एच७ मारून शह, राजा उंट मारतो, घोडा जी५ शह, राजा जी८, वजीर एच५. पाठच असतं सगळ्यांना! पण ते चालतं कशामुळे? आधी पांढऱ्याचं प्यादं ई५ वर गेलं आणि एफ६ चा घोडा हुसकला गेला, म्हणून एच७ ला राखणदार नाही. सी१ च्या उंटाची वाट मोकळी आहे, म्हणून राजा एच६ ला गेला तर घोडा हलताच शह बसतो. फ्रेंच बचावात (काळ्याच्या एका ठरावीक सुरुवातीत) काळ्याचं ई६ चं प्यादं त्याच्याच सी८ च्या उंटाला कोंडतं. ती वाट उघडी असती तर उंट एफ५ वर येऊन एच७ राखतो आणि पांढऱ्याचं बलिदान वाया जातं. कोडं सुरू होतं तेव्हा हे सगळं घडून गेलेलं असतं.

शिवाय समोरच्याची उत्तरं ठरलेली. कोड्यात राजा जी८ ला गेला तर राजाने जी६ वर जायचा चिवट बचाव दिसतच नाही, आणि प्रत्यक्ष डावात नेमका तिथेच हिशेब चुकतो. वजीर जी४ की प्यादं एच४, हे स्वतः मोजून पाहावं लागतं.

म्हणून कोडं सुटलं की लगेच पुढच्यावर उडी मारू नका. मूळ डाव उघडा, इंजिन (चाली सुचवणारा संगणक) बंद ठेवा, पाच-सहा चाली मागे जा आणि राखणदार कोणत्या चालीने हटला ते शोधा. ओपनिंगनुसार (डावाच्या सुरुवातीनुसार) कोडी निवडली तर प्याद्यांची तीच रचना पुन्हा पुन्हा समोर येते, हा या विभागातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ‘शांत चाल’ हा विषयही जरूर घ्या, त्यात शह किंवा मारामारी नसलेली चाल शोधायची असते. तीन मिनिटांचं स्टॉर्म, म्हणजे घड्याळाशी शर्यत लावून भराभर कोडी सोडवणं, नजर तल्लख करतं, बाकी करमणूकच.