डोळ्याच्या धमनीत गुठळी: इंजेक्शन, कॅथेटर की नुसतं मालिश?

पेपर वाचता वाचता एका डोळ्यापुढे अंधार येतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. माणूस चष्मा पुसतो, एकेक डोळा झाकून बघतो आणि 'झोप झाली नसेल' म्हणत आडवा होतो. दृष्टिपटलाची मुख्य धमनी बंद पडली असेल, तर मोलाचा वेळ अशाच निजण्यात जातो. माकडांवरच्या प्रयोगांत धमनी सुमारे 4 तास पूर्ण बंद राहिली की हानी कायमची झाली. म्हणून औषध कुठलं हे विचारण्याआधी घड्याळ बघायचं: शेवटचं नीट कधी दिसत होतं? झोपेतून उठल्यावर दिसेनासं झालं असेल, तर वेळ रात्री झोपल्यापासून मोजतात.

शिरेतून दिलं जाणारं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन 4.5 तासांच्या आत पोचलेल्यांसाठीच विचारात घेतात. अशी दोन औषधं आहेत. त्यांपैकी अल्टेप्लेजचा डोस किलोमागे 0.9 मिलिग्राम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 63 मिलिग्राम. त्याचा दहावा हिस्सा पहिल्या मिनिटात, बाकीचं तासाभरात. टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात देऊन होतं. 2015 साली जुन्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा या मुदतीत औषध मिळालेल्यांपैकी निम्म्यांना बरंच दिसू लागलं होतं. काहीच न केलेल्यांत हे प्रमाण 18 टक्क्यांच्या आसपास होतं. आकडा मोहात पाडणारा आहे, पण कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नाही, अशी त्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी झालेली नव्हती. तशी वाटणी करून अ‍ॅस्पिरिनशी तुलना फ्रान्समधल्या थेइया आणि नॉर्वेतून चाललेल्या टेनक्राऑस या चाचण्यांनी केली. दोन्ही लहान, आणि दोन्हींत इंजेक्शनचा ठाम फायदा सिद्ध झाला नाही.

त्यामागे एक साधं कारण असू शकतं. हे औषध रक्ताची गुठळी बांधून धरणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाची जाळी तोडतं. धमनीत अडकलेला तुकडा मानेच्या रक्तवाहिनीतून सुटलेला कोलेस्टेरॉलचा किंवा कॅल्शियमचा असेल, तर त्याच्यावर औषधाचं फारसं काही चालत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र घ्यावा लागतोच. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर बहुधा नकारच मिळतो, आणि तो योग्य असतो.

कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, थेट डोळ्याच्या धमनीपाशी नेऊन औषध सोडायचं, ही कल्पना ऐकायला जास्त नेमकी वाटते. ईगल नावाच्या युरोपीय चाचणीत 84 जण होते. सुधारणा कॅथेटरवाल्यांत 57 टक्के, साध्या उपचारांत 60. दुष्परिणाम मात्र 37 टक्क्यांविरुद्ध 4. चाचणी मुदतीआधीच थांबवली. त्यात 20 तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते, हा आक्षेप खरा आहे. तरीही माझ्या घरच्या माणसासाठी मी चाचणीबाहेर या मार्गाला होकार देणार नाही.

बुबुळावर दाब देत मालिश, डोळ्यातलं पाणी सुईने काढणं, दाब उतरवणारी औषधं, पिशवीत श्वास घेणं: 2015 च्या त्याच मोजदादीत (तिथली सुधारणेची कसोटी ईगलपेक्षा वेगळी होती) या उपायांनंतर सुधारणा 7 टक्क्यांच्या घरात, म्हणजे काहीच न करण्यापेक्षाही कमी. त्यांच्यापायी रुग्णालयात पोचायला उशीर करू नये. मुख्य धमनी नव्हे, तिची फक्त उपशाखा बंद असेल तर दृष्टी बऱ्याचदा आपोआप चांगली सुधारते. तिथे इतका धोका पत्करायचं सहसा कारण नसतं.

वेळेत पोचलात, मेंदूचं स्कॅन स्वच्छ आलं आणि दृष्टी जवळपास गेलेलीच आहे, तर शिरेतल्या इंजेक्शनची चर्चा जरूर करा. अपेक्षा मात्र माफक ठेवा. रुग्ण पन्नाशीपुढचा असेल आणि चावताना जबडा किंवा केस विंचरताना डोकं दुखत असेल, तर ते आधी सांगा. ती धमनीची सूज असू शकते. तिला गुठळीचं औषध नव्हे, तातडीने स्टिरॉइड लागतं, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

मुदत उलटून गेली असली तरी घरी परतू नका. वैद्यकीय जगात हा आता स्ट्रोकचाच प्रकार मानला जातो, आणि मेंदूच्या झटक्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो. मानेच्या धमन्यांचं डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, मेंदूचं एमआरआय हे सगळं त्याच भरतीत व्हायला हवं. नेत्रतज्ज्ञ 'आठवड्याने दाखवायला या' म्हणाले, तरी स्ट्रोकची सोय असलेलं रुग्णालय त्याच दिवशी गाठा.