पुरानं मोडलेला पायपूल: जसाच्या तसा जोडायचा, रपटा करायचा की उंच उचलायचा?

आमच्या नाल्यावर श्रमदानातून बांधलेला पायपूल यंदाच्या पुरात मोडला. गडचिरोलीकडं अशाच पायवाटेनं पोट्टे शाळेत जातात, बाया रोवणीला जातात, म्हणून सगळे म्हणतायत चार बल्ल्या टाका अन् चालू करा. मी म्हणतो, आधी नाल्यात उतरून बघा.

मी बघितलं. मधल्या खांबाचे जाळीतले दगड शाबूत होते पण खालची रेती पाण्यानं उकरून नेलेली, कोपरापर्यंत हात आत गेला. कठड्यात तणस, पळसाच्या फांद्या, प्लास्टिक असं गच्च अडकलेलं की त्याची भिंतच झाली होती. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, अन् त्यात ही भिंत आडवी.

जसाच्या तसा जोडणं सगळ्यात स्वस्त, आठवड्यात होते. पण खांब त्याच जागी, उंची तीच, म्हणजे पुढच्या पुरात परत तेच. उघड्यावरचा मातीत गाडलेला बांबू तसाही दोनेक वर्षांत सडतो.

पाइप टाकून रपटा, म्हणजे पुरात पाणी वरून जाणारा ठेंगणा पूल, केला तर बैलबंडीही जाईल, हे खरं. पण पाइप कचऱ्यानं बुजतात, पाणी वरून वाहते, अन् गुडघाभर वेगाच्या पाण्यात मोठा माणूसही आडवा होतो, लेकरांचं तर सांगूच नका. शाळेच्या वाटेवर मला हे अजिबात पटत नाही.

झुलता पूल मस्तच. कर्नाटकात सुळ्याचे गिरीश भारद्वाज यांनी असे शंभरावर पूल बांधले, २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते मोठ्या नदीसाठी, आपल्या ३० फुटी नाल्याला दोन्ही काठांवर तारांचे एवढे पक्के ठिय्ये कशाला?

माझं मत मधला खांबच नसलेल्या लोखंडी गर्डरच्या (आडव्या तुळईच्या) पुलाला. अडीचशे एमएम उंचीचा गर्डर मीटरला ३७ किलोच्या आसपास, दोन्ही काठांवर टेकेल असा १० मीटरचा एक म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास. नाल्यापर्यंत ट्रॅक्टर येत नसेल तर दोन तुकडे आणून जागेवर नटबोल्टनं जोडायचे, पण साइज अन् जोड इंजिनीयरनं हिशेब करूनच ठरवावा. कठडा पावसाळ्यात काढता येईल असा अन् त्याजागी धरायला नुसता दोर.

तेवढे पैसे जमलेच नाही तर लाकडी पूलच करा, पण मधल्या खांबाशिवाय, अन् एका काठाला जाड साखळीनं बांधलेला. पूर आला की तो सुटून काठाला लागतो, वाहून जात नाही, परत ओढून बसवता येतो.

कोणताही करा, उंची मात्र पुराच्या रेषेच्या वर पाहिजे. काठावरच्या पळसाला जुन्या फळीच्या चार फूट वर पाचोळा अडकलेला अजून दिसते, वारा सुटायच्या आत तिथं चुन्याची खूण मारून ठेवा.